खर्रा, इम्प्लांट आणि सहा महिन्यांची वाट : चंद्रपूर-गडचिरोलीत ‘फिक्स दात’ बसवण्याआधी काय माहीत हवं?

मोबाईलवर एकदा ‘दात बसवणे’ असं शोधून बघा. पुढचे आठ दिवस फेसबुक आणि इन्स्टाग्राम तुम्हाला दातांशिवाय दुसरं काही दाखवत नाहीत. तीन दिवसांत फिक्स दात, ना चिरा ना टाका, बिनव्याजी हप्ते, तपासणी मोफत, शिवाय ‘लाइफटाइम वॉरंटी’. व्हिडिओत एक आजोबा सुरुवातीला बोळकं उघडून दाखवतात आणि पंधराव्या सेकंदाला ऊस सोलताना दिसतात.

आता समजा, हा व्हिडिओ पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने आरमोरीकडे राहणाऱ्या आपल्या वडिलांना पाठवला. वडील पंचावन्न वर्षांचे, धानाची शेती आहे, खालच्या चार दाढा गेल्यात. दिवसाला सात-आठ खर्रे होतात. मुलगा म्हणतो, “बाबा, पैशाची काळजी करू नका, नागपूरला जाऊन बसवून घ्या.” हे बाबा आम्ही कल्पनेतून उभे केले आहेत, पण चंद्रपूर आणि गडचिरोलीत असं घर शोधायला फार लांब जावं लागणार नाही.

या बाबांनी इम्प्लांट करावं का? रीलवाले लगेच ‘हो’ म्हणतील. चांगला दंतवैद्य मात्र आधी विचारेल, “काका, तोंड किती उघडतं?” या दोन जिल्ह्यांमध्ये इम्प्लांटचं सगळं गणित याच प्रश्नाभोवती फिरतं.

इम्प्लांट म्हणजे नेमकं काय?

कवळी हिरडीवर टेकते. ब्रिज शेजारच्या दातांचा आधार घेतो. इम्प्लांट थेट जबड्याच्या हाडात बसतं. बहुतेक वेळा टायटॅनियम धातूचा एक छोटा स्क्रू असतो, साधारण ३.५ ते ५ मिलिमीटर जाड आणि ८ ते १३ मिलिमीटर लांब. हिरडी बधिर करून, हाडात बारीक छिद्र पाडून तो बसवतात. मग वाट बघायची. हाड त्या स्क्रूभोवती वाढून त्याला घट्ट धरतं. खालच्या जबड्यात याला साधारण तीन महिने लागतात, वरचं हाड जरा भुसभुशीत असल्याने तिथे चार ते सहा महिने. त्यानंतर स्क्रूवर एक जोडणीचा तुकडा बसतो आणि त्यावर दाताची कॅप.

हाड धातूला असं धरतं, हे योगायोगाने कळलं. १९५२ मध्ये स्वीडनचे डॉक्टर पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडात रक्तपुरवठा कसा होतो याचा अभ्यास करत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमचं एक उपकरण बसवलं होतं. प्रयोग संपल्यावर ते काढायला गेले, तर निघेना. १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या जबड्यात पहिल्यांदा असे इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोपर्यंत ते इम्प्लांट काम करत होते.

तेव्हा हा उपचार खोटा नाही, नवखाही नाही. रुग्ण नीट निवडला, हाड चांगलं असलं आणि नंतर स्वच्छता राखली, तर दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदहून जास्त इम्प्लांट टिकलेले आढळतात. फक्त या वाक्यातला ‘रुग्ण नीट निवडला’ हा भाग जाहिरातीत कधीच येत नाही.

खर्रा मध्ये येतो कुठे?

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. खर्रा म्हणजे फोडलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटलेलं मिश्रण. पानठेल्यावर ते घोटून मिळतं. पाहुणा आला तर चहाच्या आधी खर्रा पुढे होतो. रोवणीच्या बांधावर, तेंदूपत्त्याच्या फळीवर, झाडीपट्टीच्या नाटकाला रात्रभर बसताना, बैठकीत, बसमध्ये, सगळीकडे तो असतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी यांवरही बंदी आली. खर्रा मात्र ठेल्यावर मिळतोच. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने शासन आणि टाटा ट्रस्टसोबत २०१६ च्या सुमारास दारू-तंबाखूविरोधात ‘मुक्तिपथ’ अभियान सुरू केलं, ते याच पार्श्वभूमीवर. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २६.६ टक्के प्रौढांनी कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत असल्याचं सांगितलं होतं, आणि २४.४ टक्के धूर न काढणारी तंबाखू घेणारे होते. म्हणजे आपल्या राज्याचा प्रश्न सिगारेटचा कमी आणि चघळण्याचाच जास्त आहे.

इथे एक घोळ होतो. इम्प्लांटबद्दलच्या बहुतेक लेखांत, अगदी मराठीतल्याही, ‘धूम्रपान टाळा’ एवढंच लिहिलेलं असतं. कारण मूळ माहिती युरोप-अमेरिकेतली आणि तिथे प्रश्न सिगारेटचा. ते वाचून आपले बाबा म्हणणार, “मी कुठं बिडी ओढतो?” आणि फॉर्मवर ‘नाही’ लिहून मोकळे होणार.

खर्रा तीन बाजूंनी नुकसान करतो. पहिलं, तंबाखूतलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं. ज्या हाडाने स्क्रूला धरायचं, त्याला आणि वरच्या हिरडीला रक्त कमी पोचतं, जखम उशिरा भरते. दुसरं, जिथे गोळा धरून ठेवता तिथली हिरडी चुना आणि तंबाखूने सतत भाजते, मागे सरकते. आणि सुपारी दातांना अक्षरशः झिजवते. त्याच जोराचा चावा उद्या इम्प्लांटवरही पडणार. खऱ्या दाताच्या मुळाभोवती एक मऊ पडदा असतो, तो धक्का झेलतो. इम्प्लांटला तो नसतो. सुपारी फोडायची सवय राहिली तर कॅप तुटणं, जोडणीचा स्क्रू ढिला होणं हे ठरलेलं.

तिसरी बाजू सगळ्यात गंभीर आहे. सुपारीमुळे गालाच्या आतली कातडी हळूहळू पांढरट आणि ताठ होत जाते, तिच्याखाली दोरीसारखे पट्टे तयार होतात. तिखट सोसत नाही, तोंड पूर्ण उघडत नाही. याला डॉक्टर सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. गंमत बघा, स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क सशाच्या हाडात टायटॅनियम अडकलेलं बघत होते, जवळजवळ त्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईत डॉ. जोशी हा आजार नोंदवत होते. त्या दोन नोंदी सत्तर वर्षांनी गडचिरोलीच्या एका माणसाच्या तोंडात भेटतात.

हा आजार झालेल्यांपैकी काहींना पुढे तोंडाचा कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. त्यामुळे “मी बिनतंबाखूचा खातो” या समजुतीला काही अर्थ नाही.

तीन बोटं

आरशासमोर उभे राहा. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका, तिन्ही एकमेकांना चिकटवून उभी धरा आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून बघा. बोटं स्वतःचीच हवीत. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ३५ ते ५० मिलिमीटर उघडतं, म्हणजे तिन्ही बोटं आरामात जायला हवीत. दोनच जात असतील, तर इम्प्लांटचा विषय बाजूला ठेवा आणि आधी तोंडाची तपासणी करून घ्या.

याचा इम्प्लांटशी संबंध अगदी साधा आहे. मागच्या दाढेच्या जागी छिद्र पाडायचं तर मशीनचं डोकं आणि त्यात बसवलेलं ड्रिल, दोन्ही उभं आत जावं लागतं. तोंडच उघडत नसेल तर ड्रिल तिरपं जातं. मग स्क्रू तिरपा बसतो, नाहीतर बसतच नाही. आणि एकदा बसला तरी पुढे त्या जागी ब्रश पोचवायचा कसा? स्वच्छता झाली नाही की इम्प्लांटभोवतीची हिरडी सुजते, पू होतो, हाड झिजतं आणि एक दिवस न दुखता इम्प्लांट हलायला लागतं.

तोंड कमी उघडणाऱ्या माणसांत इम्प्लांट होतच नाही असं नाही. अनुभवी सर्जन करतात. पण आधी त्या आजारावर उपचार, खर्रा पूर्ण बंद, काही महिने देखरेख, तपासात संशयास्पद काही नाही याची खात्री आणि मग इम्प्लांट, हा क्रम आहे. गालात किंवा जिभेवर पांढरा-लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर तुकडा काढून तपासणी आधी. कॅन्सर निघालाच तर त्याचे उपचार शासनाच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतात. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे.

आमचं मत विचाराल तर, या दोन जिल्ह्यांत इम्प्लांटच्या निमित्ताने झालेली तोंडाची नीट तपासणी ही कधीकधी इम्प्लांटपेक्षा मोलाची ठरेल. म्हणून तोंडात आरसा न घालता, नुसता एक्स-रे बघून जो दर सांगतो, तिथून उठायला हरकत नाही.

आणि हो, खर्रा फक्त पुरुषांचा प्रश्न नाही. गुडाखूने दात घासणाऱ्या बायकांची संख्या इकडे कमी नाही. गुडाखूत तंबाखू असते. “तंबाखू खाता का?” असं विचारलं तर त्या ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते मंजन आहे. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगावं.

सिकलसेल असेल तर?

पूर्व विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, हे इथल्या शाळकरी मुलालाही माहीत असतं. पुण्या-मुंबईच्या दवाखान्यातल्या फॉर्मवर मात्र हा रकाना असेलच असं नाही. दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. तुम्ही नुसते वाहक असाल, तर साध्या बधिरीकरणाखाली होणाऱ्या इम्प्लांटला सहसा अडचण येत नाही. प्रत्यक्ष आजार असेल, तर चित्र बदलतं. रक्तवाहिन्या तुंबून हाडाला, जबड्याच्या हाडालाही, इजा होऊ शकते. जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, मानसिक ताण यांमुळे वेदनेचा झटका येऊ शकतो. अशा वेळी रक्तविकाराच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ही शस्त्रक्रिया ठरवू नये. सिकलसेलचं कार्ड सोबत न्या. घरात कुणाला आजार आहे आणि तुमची तपासणी झालेली नाही, तर ती आधी करून घ्या. सरकारी रुग्णालयांत ती होते.

बाकीचं थोडक्यात. साखर असेल तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी चाचणी हवी. आकडा ८ च्या वर असेल तर बहुतेक डॉक्टर थांबायला सांगतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, त्यात हृदयाचा धोका आहे. हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षाला एक इंजेक्शन किंवा आठवड्याला एक गोळी चालू असलेल्या आई-आजींनी हे नक्की सांगावं. त्यातल्या काही औषधांनी क्वचित जबड्याची जखम भरत नाही, हाड उघडं पडतं. तोंडाला किंवा मानेला पूर्वी रेडिएशन दिलेलं असेल तरी तेच. आणि अठराच्या आतल्या मुलांना इम्प्लांट बसवत नाहीत. जबडा वाढतो, इम्प्लांट वाढत नाही.

मग तीन दिवसांत दात कसे बसतात?

बसतात. पूर्ण खोटं नाही ते. स्क्रू बसवताना हाडाची पकड भक्कम मिळाली, तर लगेच तात्पुरते दात जोडता येतात. खालचा पूर्ण जबडा असेल आणि चार-सहा इम्प्लांट एकमेकांना बांधलेले असतील तर हे जास्त जमतं. पण ते दात जोडले म्हणजे हाड भरून आलं असं नाही. हाड आपला वेळ घेतंच. त्या काळात मऊच खायचं असतं, म्हणजे व्हिडिओतला ऊस हा अभिनय समजा. काही ठिकाणी जबड्याच्या कठीण बाहेरच्या थरात बसणारे लांब, एकसंध स्क्रू वापरून सगळ्यांनाच तीन दिवसांची हमी दिली जाते. या पद्धतीबद्दल दंतवैद्यांमध्येच मतभेद आहेत. कुठल्या रुग्णाला ती योग्य, यावर तर जास्तच. हाड फारच कमी असलेल्या काहींना तिचा उपयोग होतो. पण चांगले, वाचवता येणारे दात उपटून ‘पूर्ण जबडा फिक्स’ करायचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय होकार देऊ नका. उपटलेला दात परत येत नाही. रूट कॅनल आणि कॅपवर निभावणारा दात हा कुठल्याही इम्प्लांटपेक्षा चांगला.

वेळेची दुसरी बाजूही आहे. दात काढल्यावर पहिल्या वर्षात त्या जागच्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते. त्यामुळे “बघू पुढच्या सुगीला” असं पाच वर्षं म्हणत राहिलात, तर हाड भरण्याचा जादा खर्च येतो. घाई नको आणि निवांतपणाही नको, असा हा प्रकार आहे. दात काढतानाच पुढे काय करायचं हे विचारून ठेवलेलं बरं.

नागपूर किती लांब आहे?

नकाशावर चंद्रपूर ते नागपूर दीडशे किलोमीटर. गडचिरोलीहून त्याहून थोडं जास्त. पण सिरोंच्याचा माणूस गडचिरोलीला यायलाच दोनशे किलोमीटर मोडतो, नागपूर साडेतीनशेच्या पुढे. भामरागडला तर पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावर आलं की संपर्क तुटतो, ही दरवर्षीची बातमी.

चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीच्या महाविद्यालयाला २०२४ मध्ये परवानगी मिळाली. ही मोठी गोष्ट आहे. पण वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे दंत महाविद्यालय नव्हे. या भागाला जवळचं शासकीय दंत महाविद्यालय नागपूरचं, १९६८ पासूनचं, मेडिकलच्या परिसरातलं. तिथे इम्प्लांटसाठी लागणारे सर्जन, हिरडीचे तज्ज्ञ, कृत्रिम दातांचे तज्ज्ञ एका छताखाली असतात. वर्ध्याजवळ सावंगीला खासगी दंत महाविद्यालय आहे. चंद्रपूर शहरात इम्प्लांट करणारे खासगी दवाखानेही आहेत. जिल्हा रुग्णालयाच्या दंतविभागात दात काढणं, तोंडाची तपासणी, खर्रा सोडवण्यासाठी समुपदेशन यासाठी जाता येतं.

आता मोजा. पहिली तपासणी आणि सीबीसीटी नावाचा जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. मग शस्त्रक्रिया. आठवड्या-दहा दिवसांनी टाके. तीन ते सहा महिन्यांनी वरचा तुकडा. मग माप. मग कॅप. त्यानंतर पहिल्या वर्षात एक-दोनदा आणि पुढे दरवर्षी तपासणी, कायमची. म्हणजे पहिल्या वर्षातच सहा-सात फेऱ्या. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्याची मजुरी, हे सगळं इम्प्लांटच्या दरात कुणीच धरत नाही.

फेरी चुकली तर काय होतं, याचं एक उदाहरण पुरे. खालच्या जबड्यातून एक नस जाते, ओठ आणि हनुवटीला संवेदना देणारी. स्क्रू तिच्यावर दाबला गेला तर बधिरीचं औषध उतरल्यावरही ओठ सुन्न राहतो. हे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, तर स्क्रू काढून किंवा मागे घेऊन नस वाचण्याची शक्यता चांगली असते. महिनाभराने “अजून मुंग्या येतात” म्हणून गेलात, तर फार काही हातात राहत नाही. म्हणून शस्त्रक्रियेच्या दिवशी रात्रीच्या गाडीने गावी परतायचं नाही. एक रात्र शहरात काढा, सकाळी ओठाला हात लावून बघा, फोन करून सांगा, मग निघा. आणि शक्य असेल तर रोवणीच्या तोंडावर, जून-जुलैत, इम्प्लांट बसवूच नका. धान निघाल्यावरचे महिने बरे. रस्ते उघडे असतात आणि फेऱ्यांना सवडही.

पैसे

खासगीत एका दाताला पंचवीस हजारांपासून पन्नास-साठ हजारांपर्यंत दर सर्रास सांगितले जातात. स्वस्त जाहिरातीतला आकडा बहुधा नुसत्या स्क्रूचा असतो. जोडणीचा तुकडा, कॅप, स्कॅन, हाड भरणं वेगळं. म्हणून ‘इम्प्लांट केवढ्याला?’ असं न विचारता ‘कॅप बसून चावायला लागेपर्यंत एकूण केवढ्याला?’ असं विचारा आणि कागदावर लिहून घ्या. दंत महाविद्यालयात दर कमी असतात, पण रांग आणि फेऱ्या जास्त. जनआरोग्य योजनेत पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट मिळेल या भरवशावर राहू नका. खासगी आरोग्य विम्यातही अपघात वगळता दातांचे उपचार सहसा बसत नाहीत.

हप्त्यांचं एक लक्षात ठेवा. ‘बिनव्याजी ईएमआय’ दवाखाना देत नाही, फायनान्स कंपनी देते. तुमचं कर्ज कंपनीकडे, उपचार दवाखान्यात. दवाखान्याचं नि तुमचं बिनसलं, किंवा इम्प्लांट निघून आलं, तरी हप्ता कापला जातोच. पूर्ण रक्कम एकाच वेळी कर्जाने उचलण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने देण्याची सोय मागावी. ‘लाइफटाइम वॉरंटी’ही बहुधा कंपनीच्या स्क्रूची असते. हाडाने तो धरला नाही तर नवा स्क्रू मिळेल, पण दुसऱ्या शस्त्रक्रियेचे पैसे कोण देणार, हे वॉरंटीच्या कागदात शोधा. तंबाखू खाणाऱ्याला ती लागू नाही, असंही त्यात सापडू शकतं.

करणारा कोण?

दंतवैद्यकाची मूळ पदवी बीडीएस. भारतात इम्प्लांट या विषयाची स्वतंत्र एमडीएस शाखा नाही. ‘इम्प्लांटोलॉजिस्ट’ ही पाटी म्हणजे बहुतेक वेळा अल्प मुदतीचा कोर्स. त्यात गैर काही नाही, अनेक बीडीएस डॉक्टर उत्तम इम्प्लांट करतात. पण तोंड कमी उघडणं, हाड कमी असणं, सिकलसेल, रेडिएशन असं काही असेल, तर मुखशल्यचिकित्सा किंवा हिरडीरोग शाखेतला एमडीएस बघावा. नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची हवी. ती नसताना दंतवैद्यकी करणं १९४८ च्या कायद्याने गुन्हा आहे. आठवडी बाजारात बसून, शेजारच्या दातांना तार आणि प्लास्टिक चिकटवून ‘फिक्स दात’ देणारे अजूनही भेटतात. ते इम्प्लांट नव्हे. त्याखाली अन्न सडतं आणि शेजारचे चांगले दातही जातात.

तुम्ही डॉक्टरांना “माझ्यासारख्या खर्रा खाणाऱ्या किती जणांना बसवलंय, आणि किती निघाले?” असं विचारू शकता. प्रश्न उद्धट नाही. “एकही निघाला नाही” असं उत्तर आलं तर मात्र जरा सावध व्हा.

बाबांनी काय करावं?

आरमोरीच्या बाबांकडे परत येऊ. त्यांची तीन बोटं जात असतील, चट्टे नसतील, साखर आटोक्यात असेल आणि ते खर्रा सोडायला तयार असतील, तर दोन इम्प्लांटवर ब्रिज हा चांगला उपचार आहे. सोडणं म्हणजे शस्त्रक्रियेच्या दिवसापुरतं नव्हे. आधीच्या काही आठवड्यांपासून हाड भरेपर्यंत तर नक्कीच, आणि खरं म्हणजे त्यानंतरही. बरेच जण त्या सहा महिन्यांत सुटले म्हणून कायमचे सुटतात, हा एक फायदा.

खर्रा सुटणारच नसेल, तर बाबांनी काढता-घालता येणारी कवळी करावी. हे ऐकायला कमीपणाचं वाटतं, पण तसं नाही. कवळी रात्री काढून ठेवता येते, तोंड तपासता येतं, बिघडली तर चंद्रपूर किंवा गडचिरोलीतच दुरुस्त होते, आणि खर्चही फार कमी. सगळे दात गेलेल्या, कवळी सतत सटकणाऱ्या आजीसाठी खालच्या जबड्यात फक्त दोन इम्प्लांट बसवून त्यावर कवळी अडकवायची, हा मधला मार्ग आहे. पूर्ण जबडा फिक्स करण्याच्या खर्चाच्या एका भागात ते होतं आणि साफ करायलाही सोपं.

बिघडलं तर?

इम्प्लांट निघून येणं म्हणजे आपोआप डॉक्टरांचा निष्काळजीपणा नव्हे. सगळं बरोबर करूनही काही इम्प्लांट हाड धरत नाहीत. पण दुसरा पर्याय सांगितलाच नाही, धोका सांगितला नाही, स्कॅन न करता नसेवर स्क्रू घातला, तर ती वेगळी गोष्ट. उपचाराचं स्वरूप, धोके आणि पर्याय सांगून घेतलेली संमतीच खरी संमती, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात म्हटलं आहे. तेव्हा न वाचता सही करू नका, आणि फॉर्म इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा. माडिया किंवा गोंडी बोलणारी आई असेल तर तिच्या भाषेत कुणीतरी सांगायला हवं. मुलाने सही केली म्हणजे तिला कळलं असं होत नाही.

पैसे देऊन घेतलेले उपचार १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ग्राहक कायद्यात येतात. तक्रार चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, ‘ई-जागृती’ पोर्टलवरूनही. उपचारासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची.

त्यासाठी घरात एक पाकीट ठेवा. एकूण खर्चाचा लेखी अंदाज, पावत्या, संमतीपत्राची प्रत, आधीचा आणि नंतरचा स्कॅन. आणि एक छोटी गोष्ट, जी फार थोडे लोक मागतात. प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर कंपनीचं नाव, माप आणि बॅच नंबर असलेलं स्टिकर असतं. ते तुमच्या फाईलला चिकटवून घ्या आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. दहा वर्षांनी जोडणीचा स्क्रू ढिला झाला, दवाखाना बंद झालेला असला आणि तुम्ही मुलाकडे पुण्यात असलात, तर तिथल्या डॉक्टरला कुठला पाना लागेल हे त्या स्टिकरवरूनच कळतं.